कापरेकरांच्या वजाबाकीचे चित्र

चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ उणे २३४५, म्हणजे ३०८७. पुन्हा तसेच केले की ८३५२. पुन्हा केले की ६१७४. इथून पुढे किती का वजाबाक्या करा, ६१७४च येत राहते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना हे १९४९ साली सापडले. देवळालीच्या शाळेत शिकवणारा, पदव्युत्तर पदवी नसलेला हा माणूस आयुष्यभर आकडेमोडीत रमला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि जगाला त्यांचे नाव कळले.

मी नाशिक जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात गणित शिकवते. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला आम्ही ‘ऑक्टेव्ह’ वापरतो. हे सॉफ्टवेअर मोफत आहे, साध्या संगणकावर चालते, आणि त्याची भाषा ‘मॅटलॅब’च्या इतकी जवळची की एक येत असेल तर दुसरे बहुतांशी येतेच. जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये ते पूर्णवेळ लिहायला घेतले आणि आपले रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांचे नाव त्याला दिले. पटकन अंदाजी हिशेब मांडून उत्तराच्या जवळ पोचण्यात लेव्हनस्पील वाकबगार होते. मला हे नाव फार समर्पक वाटते, कारण या सॉफ्टवेअरचा सगळा जीव तशा हिशेबात आहे. एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचे, उत्तर बघायचे, त्यावरून पुढची ओळ सुचते. आधी अख्खा प्रोग्रॅम लिहा, मग चालवा, असे इथे नसते. वर्गात या वेगाचे मोल मोठे आहे. मुलांच्या मनात आलेली शंका विरायच्या आत तिची परीक्षा घेता येते.

एका प्रॅक्टिकलला कापरेकरांची वजाबाकी करून बघायला आम्ही ०००० ते ९९९९ या सगळ्या संख्या एकदम घेतल्या. प्रत्येकीचे चार अंक वेगळे करून दहा हजार ओळी आणि चार स्तंभांचे मॅट्रिक्स केले. ‘सॉर्ट’ या एका आज्ञेने प्रत्येक ओळीतले अंक क्रमाने लागले, आणि हजार, शंभर, दहा, एक यांच्या स्तंभाने गुणले की पुन्हा संख्या तयार. ओळीच्या शेवटी अर्धविराम दिला की उत्तर पडद्यावर उमटत नाही. दहा हजार संख्यांच्या वेळी तो हवाच. मग ६१७४ येईपर्यंत कोणत्या संख्येला किती पायऱ्या, म्हणजे किती वजाबाक्या (निदान एक), लागतात ते मोजले. सर्वांत मोठा गट तीन पायऱ्यांचा, २४०० संख्यांचा. त्याखालोखाल सात पायऱ्यांचा, २१८४ संख्यांचा. आठवी पायरी कुणालाच लागली नाही. ११११सारख्या दहा संख्या शून्यावर जातात, त्या बाजूला ठेवल्या.

मग ही उत्तरे शंभर बाय शंभरच्या चौकोनात मांडली आणि ‘इमेजएससी’ने रंगवली. पडद्यावर जणू एक गोधडी उलगडली: छोटे छोटे चौकोन, त्यांतून तिरक्या जाणाऱ्या रंगांच्या पट्ट्या, पुन्हा पुन्हा येणारी तीच नक्षी. यादीत या आकड्यांना काही शिस्त असेल असे कुणाला वाटलेही नव्हते.

ऑक्टेव्हमध्ये चौकोन भरताना उभे स्तंभ आधी भरतात. म्हणून सटाण्याहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने आडव्याचे उभे करायला मॅट्रिक्सच्या नावापुढे अपॉस्ट्रॉफी टाकली आणि चित्र पुन्हा काढले.

“मॅडम, चित्र बदललंच नाही.”

खिडकी ताजी झाली नसेल, असे शेजारचा म्हणाला. तिने दोन्ही मॅट्रिक्स सारखी आहेत का, हे ‘इज-ईक्वल’ने विचारले. उत्तर आले १, म्हणजे हो. क्षणभराने तिचे तिलाच उमगले: आडव्याचे उभे केले की ३५२४च्या जागी २४३५ येते. अंक तेच, मग पायऱ्याही त्याच. यावर मागच्या बाकावरच्या मुलाने चौकोन अर्धा फेरा फिरवून पाहिला. चित्र तरीही तेच! आता मात्र कोडे होते. अर्ध्या फेऱ्यात ३५२४च्या जागी ६४७५ येते, आणि या दोघींचे अंक सारखे नाहीत. त्याने ६४७५ची वजाबाकी केली. ७६५४ उणे ४५६७, उत्तर ३०८७. ३५२४चेही पहिले उत्तर तेच होते.

इथे मी खडू हातात घेतला. मोठ्या अंकापासून लहानापर्यंत क, ख, ग, घ असे चार अंक मानले, तर वजाबाकी येते ९९९ गुणिले (क–घ), अधिक ९० गुणिले (ख–ग). म्हणजे अंक कोणते आहेत याच्याशी तिला देणेघेणे नाही. फक्त दोन फरक पुरतात. प्रत्येक अंक नवातून वजा केला तरी फरक तेवढेच राहतात, म्हणून अर्धा फेराही चित्राला बदलत नाही. आणि अशा फरकांच्या जोड्या आहेत अवघ्या ५४. पहिल्याच वजाबाकीत ९९९० संख्या ५४ उत्तरांत गोळा होतात! ही बीजगणिताची ओळ मी याआधीही फळ्यावर लिहिली आहे, पण ती समोरच्यांना हवी आहे असे तेव्हा कधी वाटले नव्हते. या वेळी चित्राने आधी विचारले होते, आणि उत्तराची वाट सगळा वर्ग बघत होता.

पुढच्या प्रॅक्टिकलला मुलांनी पाच अंक घेतले. तिथे एकच एक मुक्काम नाही. ५३९५५ वरून ५९९९४ आणि तिथून परत ५३९५५, असे एक चक्र सापडले. चार-चार संख्यांची आणखी दोन निघाली. पाचही अंक सारखे नसतील तर प्रत्येक संख्या या तीन चक्रांपैकी एकात जाऊन फिरत राहते. सटाण्याच्या मुलीने या वेळी ऑक्टेव्हची खिडकी बाजूला सारली आणि वहीत पाच अक्षरे मांडून वजाबाकी केली. मधला अंक दोन्हीकडे त्याच जागी असल्याने उडून गेला. उरले ९९९९ पट पहिल्या-शेवटच्यातला फरक आणि ९९० पट दुसऱ्या-चौथ्यातला फरक. जोड्या पुन्हा ५४च. लाखभर संख्यांचा प्रश्न ५४ ओळींच्या तक्त्यात मावणार, हे दिसताच तिने पट्टीने रकाने आखायला घेतले.