ठिपके गेले, रोग नाही

क्लाउनफिशच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसतात आणि चार-सहा दिवसांत जातात. बघून हायसं वाटतं. पण मंडळी, खरा धोका तिथूनच. क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी पोट भरलं की मासा सोडतो, टाकीच्या तळाला चिकटतो, कवचात एकाचे शेकडो होतात आणि परत माशांवर येतात. गोचिडीसारखंच, गुरावरून पडली तरी गोठ्याच्या फटीत अंडी घालतेच. कवचातल्यावर औषध चालत नाही.

म्हणून दोन मासे आजारी दिसले तरी मी सगळेच वेगळ्या टाकीत हलवतो. तांब्याचं औषध तिथेच, रोज मोजून. कोळंबी आणि प्रवाळ त्याने मरतात. मूळ टाकी अडीच महिने माशांविना चालू ठेवतो. तेवढे दिवस विक्री नाही, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. तरी पुढची बॅच वाचते.