झाडाची सनद

रहिमतपूरसारख्या गावात हयात काढलेल्या माणसाला मृगाबरोबर बदलणाऱ्या फसली सालाचे नवल वाटत नाही. सारा वसूल करावयाचा तर पीक कोणत्या सालाचे हे आधी ठरले पाहिजे, एवढाच हिशेब त्याच्या मुळाशी आहे. यहुद्यांचा वृक्षांचा वर्षारंभ, शेवात महिन्याची पंधरावी तिथी, हाही मूळचा असाच दप्तरी दिवस. फळांचा दशांश कोणत्या सालात धरावा यासाठी वर्षाची एक सीमा हवी होती. यहुदी धर्माचार्य शम्माय याच्या शिष्यांनी पहिली तिथी सुचविली, दुसरा आचार्य हिलेल याच्या शिष्यांनी पंधरावी, आणि पंधरावी टिकली. झाडाच्या वयाचा हिशेबही याच सीमेने: पहिल्या तीन वर्षांचे फळ कोणी खावयाचे नाही, चौथ्याचे ईश्वरार्पण, आणि पाचव्या वर्षी मालकाचा हात फांदीला लागावयाचा! वसुलीच्या तारखेचा सण व्हावा हे भाग्य आमच्या फसली सालाला काही लाभले नाही.

कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांनी, म्हणजे पूर्वी घाणे चालवून शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या आपल्या ‘शनवार तेल्यांनी’, या दिवसाला निराळेच रूप दिले. त्यांच्यात तो एलियाहू हन्नबीचा उरूस. अलिबागजवळच्या खंडाळ्यातील कातळावर त्या नबीच्या रथाची चाके उमटली अशी त्यांची श्रद्धा. मलिद्याच्या ताटात भिजवलेले पोहे, साखर आणि खवलेले खोबरे यांची रास, भोवती फळे. खजुरावर वृक्षफळाचा आशीर्वाद म्हणावयाचा, केळ्यावर मात्र भूमिफळाचा; कारण घड उतरला की केळीचा बुंधा मरतो, आणि तिला वृक्ष म्हणणे धर्मशास्त्रास मंजूर नाही. परसात केळी राखणाऱ्या कोणाही कोकण्याने हा निवाडा बिनतक्रार मान्य केला असता.

यहुद्यांतली झाड भेट देण्याची आजची रीत अलीकडची. १९०१ साली बाझेलच्या झायोनिस्ट अधिवेशनात पॅलेस्टाइनमधील जमीन खरेदीसाठी यहुदी राष्ट्रीय निधी निघाला. पुढे बारसे, विवाह वा मृताचे स्मरण यांनिमित्त जगभरचे यहुदी त्याच्याकडे झाडाचे पैसे भरू लागले, आणि ज्याच्या नावे झाड, त्याच्या हाती एक दाखला येऊ लागला. आजवर २४ कोटींवर झाडे लावल्याचे निधी सांगतो. दाता एका मुलखात, दान घेणारा दुसऱ्या, झाड तिसऱ्या. जमीन एकाची आणि आंबा दुसऱ्याचा, ही वहिवाट आपल्याकडेही आहे; पण आपला आंबा कोणता, हे निदान बोट दाखवून सांगता येते. शिवाय त्या वनांपैकी काही १९४८ साली ओस पडलेल्या अरब गावांच्या जागी उभी आहेत, आणि तो इतिहास दाखल्यावरच्या चित्रात मावत नाही.

मला भावते ती तालमूद या यहुदी धर्मग्रंथात सांगितलेली बेतार गावची चाल. मुलगा झाला की देवदार लावावा, मुलगी झाली की त्याच कुळातले दुसरे झाड, आणि दोघांच्या लग्नात त्याच लाकडाचा मांडव घालावा. एकदा बादशहाच्या कन्येच्या मेण्याचा दांडा मोडला, शिपायांनी जवळचा देवदार तोडला, गावकऱ्यांनी त्यांना बडविले, आणि त्यातून युद्ध होऊन बेतार बेचिराख झाले. ही कथा रामचंद्रपंत अमात्यांच्या कानी गेली असण्याचा संभव नाही. तरी रयतेने लेकरांसारखी वाढविलेली झाडे तोडली तर तिच्या दुःखास पारावार उरत नाही, हे जाणून त्यांनी आज्ञापत्रात बजावले की, आरमाराला लाकूड कितीही लागो, आंब्याफणसाला हात लावू नये, आणि जीर्ण झाड घेणे असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन मगच घ्यावे.