ग्रामोफोन, रबर आणि आजीच्या सुया

गेले दोन वीकांत ग्रामोफोनमध्ये गेले. महालातल्या आमच्या जुन्या घरात आजोबांचा एचएमव्ही १०२ आहे. पेटीसारखा बंद करून हातात नेता येतो, तो. हे मॉडेल १९३१ साली आलं. वीज नको, अ‍ॅम्प्लिफायर नको. चावी द्या, सुई टेकवा, झालं! फक्त आमचा हल्ली गायचा कमी आणि फरफरायचा जास्त.

बडकस चौकाजवळ एकाला दाखवला. त्याने पाहिलं न पाहिलं आणि म्हणाला, "साउंडबॉक्सच नवीन टाकून घ्या." एक बग निघाला म्हणून अख्खा प्रोग्राम फेकायचा! (असे मॅनेजरही पाहिलेत. असो.) साउंडबॉक्स म्हणजे सुई जिच्यात बसते ती गोल डबी. आत अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पडदा, त्याच्या दोन्ही बाजूंना रबराच्या रिंगा. सुई थरथरली की पडदा हलतो, तोच आवाज. इतक्या वर्षांत रबर दगड होतं, पडद्याला नीट हलता येत नाही आणि आवाज फाटतो. आमचा पडदा शाबूत होता. सिलिकॉनची बारीक नळी मापाने कापून दोन रिंगा केल्या, बसवल्या. खर्च एका कॉफीपेक्षा कमी. मोटरच्या स्प्रिंगला मात्र हात लावला नाही, ते काम जाणकाराला दिलं. गुंडाळलेली स्प्रिंग सुटली तर बोटांचं काही खरं नाही.

खरी कुरबुर झाली सुईवरून. पोलादी सुई एका बाजूला एकच वापरायची. ७८ची तबकडी लाखेची, त्यात दगडाची पूड असते. ती पूड सुईला झिजवून खाचेच्या मापाची करते. तीन मिनिटांत टोकाला धारदार कडा येते. तीच सुई पुन्हा लावली की खाच कापली जाते. आजीने तर आयुष्यभर सुया पुरवून पुरवून वापरल्या. मी पहिली सुई काढली, तशी म्हणाली, "काहून फेकून राहिला रे? चांगली तर आहे!"

तिच्या हिराबाई बडोदेकरांच्या तबकडीवर जे राखाडी पट्टे आहेत, ते या काटकसरीचेच. हे तिला कोण सांगणार? रबर मिळतं, सुया मिळतात, स्प्रिंगसुद्धा नवी मिळते. झिजलेली खाच काही भरून येत नाही. तेच गाणं जालावर स्वच्छ सापडलं, म्हणून तिला फोनवर ऐकवलं.

"हे नाही," ती म्हणाली. "आपल्यात मधे एका जागी खरखरते."

सुई मी तरीही दर वेळी बदलतो. आजी काढलेल्या सुया औषधाच्या रिकाम्या बाटलीत जमा करते, फेकू देत नाही.