चौथा मुका

गोंगाट करणाऱ्याला गप्प बसवणे हा आम्हा मास्तरांचा धर्म! आमच्या मोटारीच्या मागच्या बंपरात चार सेन्सर आहेत. माणसाला ऐकू न येणारा नाद ते सोडतात आणि प्रतिध्वनी किती वेळात परततो, त्यावरून अंतर ओळखतात. वटवाघळाचीच ही विद्या! २०१९ च्या जुलैपासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली.

यंदाच्या पावसाळ्यानंतर मागे काहीही नसता मोटार बोंब मारू लागली. मी बटण दाबून तिला गप्प केले. नवरात्रात एका संध्याकाळी शेजारची छकुली मोटारीमागे रांगोळीचे ठिपके काढत बसली होती. पत्नी ओरडली म्हणून निभावले.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली, हातब्रेक ओढून रिव्हर्स गिअर टाकला. “मास्तर, कान लावा.” तिघांची बारीक टिकटिक ऐकू आली, चौथा मुका. त्याची शेजाऱ्याशी अदलाबदल केली, तरी मुकेपण त्याच जागी! म्हणजे दोष सेन्सरचा नव्हे, तारेचा. जोडात पाणी शिरून हिरवा गंज चढला होता. तो खरवडताच चौथा बोलू लागला.

ती सारी बोंब या मुक्यासाठी होती तर!

सोमवारी हजेरी घेताना माझी नजर शेवटच्या बाकावर जरा अधिक रेंगाळली.