हरवलेलें आणि सांपडलेलें

घरांतील वस्तू ठाऊक असणें निराळें, आणि त्या कोठें ठेविल्या आहेत हें ठाऊक असणें निराळें. घरांतील वडीलधारी बाई गेली म्हणजे तिचें सामान जागच्या जागीं असतें. परंतु जन्मपत्रिका कोणत्या पेटींत, जमिनीचे कागद कोणत्या गाठोड्यांत आणि मुलांचीं जुनीं पत्रें कोणत्या डब्यांत, हें सांगणारें कोणी उरत नाहीं. संगणकाची हार्ड डिस्क बिघडते तेव्हां पुष्कळ वेळां असाच प्रकार होतो. मजकूर जाग्यावर असतो. तो कोठें आहे हें सांगणारी वही तेवढी फाटते. हा भेद ध्यानांत न आल्यामुळें अनेक सुशिक्षित कुटुंबें, जें मुळीं गेलेलेंच नव्हतें, तें घाईघाईनें आपल्याच हातांनीं घालवून बसतात. आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. यंत्रविद्या हा आमचा प्रांत नव्हे. परंतु गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं जो प्रसंग आला, त्यानें या विषयाचा थोडाबहुत अभ्यास आम्हांस करावा लागला, व तो वाचकांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहों.

हार्ड डिस्क म्हणजे एक मोठें दफ्तर आहे असें समजावें. त्या दफ्तराचे अगदीं लहान व सारखे कप्पे केलेले असतात. सर्वांत लहान कप्प्यास सेक्टर म्हणतात. तो पुष्कळ वर्षें ५१२ बाइटांचा असे. अलीकडील डिस्कांत तो बहुधा ४,०९६ बाइटांचा असतो. कांहीं सेक्टर मिळून एक क्लस्टर होतो. एखादें पत्र किंवा गाणें एकाच ठिकाणीं सलग ठेविलेलें असेलच असें नाहीं. मोकळी जागा सांपडेल तसे त्याचे तुकडे ठिकठिकाणीं पडतात. कोणत्या नांवाची फाईल कोणत्या क्लस्टरापासून सुरू होते, पुढील तुकडा कोठें आहे, आणि रिकामी जागा किती, हें सर्व एका वहींत लिहिलेलें असतें. ती वही आणि ती लिहिण्याचे नियम, या दोहोंस मिळून फाईल सिस्टीम हें नांव आहे. मार्क मॅक्डोनाल्ड यांनीं १९७७ सालीं मायक्रोसॉफ्टकरितां जी वही आंखली ती ‘फॅट’ या नांवानें प्रसिद्ध आहे, आणि तिचे वंशज आजही पेन ड्राइव्हांवर व कॅमेऱ्याच्या कार्डांवर नांदत आहेत.

आतां ही वही लिहीत असतां मध्येंच वीज गेली, किंवा चालू डिस्कची तार कोणी ओढून काढली, म्हणजे काय होईल हें सांगावयास नकोच. कधीं एखादा तुकडा कोणाच्याच नांवावर राहत नाहीं. तो भरलेला असतो, पण बेवारस असतो. कधीं याच्या उलट होतें: एकाच क्लस्टरावर दोन फायली हक्क सांगतात. एकच शेत दोघांच्या सातबाऱ्यावर चढावें, तसला हा तंटा. हे तंटे कमी व्हावेत म्हणून पुढें एक युक्ति निघाली, आणि ती आमच्या व्यापारी वर्गास मुळींच नवी वाटणार नाहीं. पेढीवरचा मुनीम आधीं रोजकीर्द लिहितो आणि मग खतावणी करतो. खतावणी अर्धवट राहिली तरी रोजकीर्दीवरून ती पुरी करतां येते. १९९३ सालीं विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएस या फाईल सिस्टीमनें हीच रीत उचलली, व लिनक्सच्या नव्या फाईल सिस्टीमांनींही तीच पत्करली. या रोजकीर्दीस इंग्रजींतही जर्नल असेंच नांव आहे. मात्र ही रोजकीर्द बहुधा वही सुसंगत राखण्यापुरती असते. कप्प्यांतील मजकूर शाबूत राहील असें वचन ती देत नाहीं.

हीच गोष्ट दुरुस्तीच्या साधनांविषयीं सांगतां येईल, आणि आमच्या मतें या विषयांतील मुख्य मुद्दा तो हाच. विंडोजमध्यें ‘चेकडिस्क’ म्हणून एक आज्ञा आहे. नुसती दिली तर ती केवळ पाहणी करून दोष सांगते. दुरुस्तीचें अक्षर जोडून दिली तर ती वहींत खाडाखोड करूं लागते. तिचें ध्येय एकच, कीं वहीचा मेळ बसावा. जो तुकडा कोणाचा हें कळत नाहीं त्यास ती एक क्रमांक देते आणि निराळ्या फोल्डरांत नेऊन टाकते. ज्या नोंदीचा अर्थ लागत नाहीं ती काढून टाकते. लिनक्समध्यें अशा अनाथ फायलींसाठीं जें फोल्डर असतें त्याचें नांवच ‘हरवलेलें आणि सांपडलेलें’ असें आहे. दुरुस्ती यशस्वी झाली असें यंत्र सांगतें तेव्हां हिशेब जुळला एवढाच त्याचा अर्थ. आपलें पत्र परत मिळालें असा नव्हे. हिशेब जुळावा म्हणून अडचणीची रक्कम खोडून टाकणारे कारकून आपण सर्वांनींच पाहिलेले आहेत.

आमच्या सासूबाई माण तालुक्यांतल्या. जात्यावरच्या शेंकडों ओव्या त्यांच्या तोंडीं होत्या. २००९ सालीं आमच्या सौभाग्यवतींनीं चार सुट्यांत माहेरीं राहून, एका लहानशा यंत्रावर त्यांचें गाणें टिपून घेतलें. अशीं ४३ ध्वनिमुद्रणें झालीं. २०१४ सालीं सासूबाई गेल्या. त्यानंतर तें गाणें आमच्या घरीं कोणी लावलें नाहीं. लावण्याचा धीर कोणास होत नव्हता. परंतु तें आहे, या समजुतीवर घर चाललें होतें. गेल्या जुलैमध्यें एका संध्याकाळीं डिस्क चालू असतां वीज गेली, आली, आणि पुन्हां गेली. दुसऱ्या दिवशीं संगणकानें त्या डिस्ककडे बोट दाखवून सांगितलें कीं, ही वापरण्यापूर्वीं फॉर्मॅट करावी लागेल, करावयाची काय?

हा प्रश्न यंत्र इतक्या सभ्यपणानें विचारतें कीं, ‘होय’ म्हणणें हाच शिष्टाचार वाटावा. फॉर्मॅट करणें म्हणजे जुनी वही फेंकून कोरी वही मांडणें. त्वरित पद्धतीनें केलें तर कप्प्यांतील मजकूर कांहीं काळ तसाच राहतो. परंतु कोऱ्या वहीच्या लेखीं सर्व कप्पे रिकामे, आणि पुढें लिहिलें जाईल तें जुन्यावर लिहिलें जाईल. सावकाश, पूर्ण पद्धतीनें केलें तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्या सर्व डिस्कभर शून्यें लिहून काढतात, आणि मग कांहींच उरत नाहीं. आम्ही डिस्क घेऊन एका दुकानीं गेलों, तों दुकानदार म्हणाला, “सर, दहा मिनिटांत फॉर्मॅट मारून देतों, नव्यासारखी होईल.” सौभाग्यवतींनीं डिस्क त्याच्या हातांतून परत घेतली. “नवी नको आहे,” एवढेंच त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरूं लागल्या.

आमच्या महाविद्यालयांतील संगणकशास्त्राच्या एका तरुण सहकाऱ्यानें पुढचें काम केलें. त्याची शिस्त पाहण्यासारखी होती. त्यानें प्रथम डिस्क कानाशीं धरली. आंतून टकटक असा आवाज येत असता तर आपण तिला हातही लावला नसता, असें तो म्हणाला. कारण तो दोष वहीचा नसून यंत्राचा असतो, आणि तेथें दर मिनिटागणिक नुकसान वाढतें. मग त्यानें तार बदलली, कारण कित्येकदां सारा अपराध तारेचाच असतो. मग डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेविते ती वाचली. कांहीं सेक्टर वाचतां येत नाहींत असें तींत निघालें. “सर, आधीं नक्कल, मग दुरुस्ती,” तो म्हणाला, “आणि दुरुस्तीसुद्धां नकलेवरच. मुळाला हात लावायचा नाहीं.” डीडीरेस्क्यू या नांवाचें एक विनामूल्य साधन आहे. तें सुस्थितींतला भाग आधीं उतरून घेतें, आणि अडलेल्या जागीं मागाहून पुन्हां पुन्हां प्रयत्न करतें. नक्कल पुरी होण्यास सारी रात्र लागली.

नकलेवरून कळलें तें असें. फॅटमध्यें वहीच्या दोन प्रती ठेविण्याची योजना असते. परंतु त्या दोन्ही प्रती अगदीं शेजारींशेजारीं असतात. आमच्या डिस्कवर नेमका तोच भाग गेला होता, व दोन्ही प्रती एकाच अपघातांत निकामी झाल्या होत्या. सहकाऱ्यानें मग वहीचा नाद सोडला, आणि फोटोरेक नांवाचें साधन लाविलें. तें वहीकडे पाहतच नाहीं. एकेक कप्पा उघडून त्यांतील मजकुराच्या आरंभावरून हें गाणें, हें चित्र, हें पत्र असें ओळखीत जातें. तुकडे विखुरलेले असतील तेथें तें फसतें. सलग असतील तेथें साधतें. ४३ पैकीं ३८ मुद्रणें त्यानें परत आणलीं. पण तीं परत आलीं तीं बिननांवाचीं. नांवें वहींत होतीं, आणि वही गेली होती. प्रत्येकावर केवळ एक आंकडा होता.

तेव्हां तीं ऐकल्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. दोन आठवडे रोज रात्रीं जेवणें आटोपल्यावर सौभाग्यवती एक वही घेऊन बसत, आणि एकेक मुद्रण ऐकून त्यास नांव देत. “हें पहाटेचं; मागें कोंबडा ऐकूं येतोय.” “हें धाकट्याच्या लग्नाआधींचं. तेव्हां आईला खोकला झाला होता.” कांहीं ठिकाणीं ओवी थांबे आणि सासूबाई जात्यांत घास टाकण्यापुरत्या उसंत घेत, त्या उसंतींत आमच्याच सौभाग्यवतींचा दहा-पंधरा वर्षांपूर्वींचा आवाज, “आई, पुढं?” असें विचारी. जें गाणें सुखरूप असतांना आम्हीं ऐकलें नव्हतें, तें असें हरवून सांपडल्यामुळें आमच्या घरीं ऐकलें गेलें.

उरलेल्या पांचांपैकीं तीन मुद्रणें म्हसवडास मावशींच्या कपाटांत निघालीं. २०१० सालीं त्यांस एक सीडी धाडलेली होती. दोन मात्र गेलीं तीं गेलींच. त्यांतल्या कांहीं ओव्या सौभाग्यवतींना आठवत होत्या. त्या त्यांनीं वहीच्या शेवटच्या पानांवर निराळ्या शाईनें उतरल्या, आणि वर ‘आठवणीनें’ असें लिहिलें. एका ओवीचा चौथा चरण त्यांस सुचेना. आम्हीं सहज एक चरण सुचविला. तो छंदांत बसत होता आणि अर्थासही धरून होता. त्यांनीं तो ऐकून घेतला आणि जागा कोरीच ठेविली.

शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हां मूळ ग्रंथ होऊन जवळजवळ तीनशें वर्षें लोटली होतीं. निरनिराळ्या प्रती ताडून त्यांनीं पाठ नीट केला, आणि यांत कोणी आपली ओवी मिसळूं नये अशी ताकीद दिली. शुद्धीकरणाचे जे दोन नियम आमच्या तरुण सहकाऱ्यानें व सौभाग्यवतींनीं पाळले, ते या कामांत आहेतच: हातीं एकाहून अधिक प्रती असाव्यात, आणि जें नाहीं तें आहे असें भासवूं नये. त्या प्रती एकाच पेटींत असत्या तर वाळवीला काय अवघड होतें?

आजकाल जाणते लोक सांगतात कीं, मोलाच्या वस्तूच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन तऱ्हेच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतली एक तरी घराबाहेर असावी. वाचकांनीं हा नियम आजच्या आजच अमलांत आणावा. आणखी एक सूचना: ज्यांच्या संगणकांत फिरत्या तबकडीऐवजीं नव्या तऱ्हेची एसएसडी असेल, त्यांनीं पुसलेलें परत मिळेल या आशेवर राहूं नये, तेथें पुसलेली जागा यंत्र बहुधा आपण होऊन साफ करून टाकतें. आमच्या घरच्या ४१ मुद्रणांची एक प्रत आतां नाशिकास कन्येकडे आहे, एक म्हसवडास आहे, आणि एक येथें आहे. म्हसवडच्या मावशी ऐंशीच्या पुढें गेल्या आहेत. तो चौथा चरण त्यांस ठाऊक असेल असें सौभाग्यवतींना वाटतें, आणि येत्या दिवाळींत वही घेऊन तिकडे जाण्याचें ठरलें आहे.