वाहक

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. इथल्या मुलांना ‘वाहक’ हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. एक एस.टी.तल्या वाहकाच्या आसनावर, दुसरा सिकलसेलच्या तपासणीत. पहिल्या ठिकाणी त्याला मान आहे. दुसऱ्या ठिकाणी तो कानावर पडला की घरात कुजबुज सुरू होते. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांची घरची भाषा गोंडी किंवा माडिया. मराठी शब्द ती जपून घेतात, आणि एकदा घेतलेला अर्थ सहजी सोडत नाहीत.

नववीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ हा सोळावा धडा आहे. तो शिकवायला जानेवारी उजाडतो. विषय मात्र जूनअखेर शाळा उघडते तेव्हापासूनच बाकावर येऊन बसलेला असतो. 1 जुलै 2023 रोजी शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. 2047पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहू नये, असं त्याचं उद्दिष्ट. आमच्याकडे तपासणी आणि रंगीत कार्डं त्याच्या आधीपासून आहेत. वाहकाला पिवळं, रुग्णाला लाल. कोणाच्या दप्तरात कोणतं कार्ड आहे हे मी वर्गात कधी विचारत नाही. मुलांना मात्र एकमेकांचं सगळं ठाऊक असतं.

जुलैत रोवणी. वर्ग अर्धा रिकामा. चिखलात दिवसभर वाकून आलेली पोरं दुसऱ्या दिवशी पेंगतात. ऑगस्टमध्ये तापाचे दिवस, मलेरियासाठी बोटातून रक्त घेणं नेहमीचं. त्याच काळात मी तांबड्या रक्तपेशी शिकवून घेते. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी 10 ते 20 दिवसांतच फुटते. हिमोग्लोबीनच्या एका साखळीत 146 अमिनो आम्लं असतात, त्यांतलं सहावं तेवढं बदललेलं असतं. ऑक्सिजन कमी पडला की असं हिमोग्लोबीन एकमेकांना चिकटतं आणि पेशी विळ्यासारखी वाकते. विळा समजावून सांगावा लागत नाही. दिवाळीच्या सुमारास धानकापणीला तो सगळ्यांच्याच हातात असतो.

अशी वाकडी पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते, म्हणून हाडं-सांधे ठणकतात. थंडी, अतिश्रम आणि शरीरातलं पाणी कमी होणं यांनी हे दुखणं उठतं. हे कळल्यावर खेळाच्या तासाला पाण्याची सुट्टी मागून घेणं सोपं झालं. लाल कार्डाचा एक मुलगा डिसेंबरात नऊ दिवस आला नाही. तोवर वर्ग त्याला ‘कामचोर’ म्हणायचा. तो परतला तेव्हा शेजारच्या मुलाने स्वतःची बाटली न बोलता त्याच्यापुढे सरकवली. त्या वर्षी मी शिकवलेल्या गोष्टींपैकी ही एक नक्की पोचली.

जानेवारीत धडा आला. फळ्यावर चार चौकोन काढले. आई-वडील दोघेही वाहक असले तर एका चौकोनात निरोगी, दोनांत वाहक, एकात रुग्ण. मुलांनी लगेच हिशेब केला: चार लेकरं झाली तर एक आजारी. म्हणजे पहिलं आजारी निघालं की पुढची तीन सुटली. हा हिशेब गावातही असाच चालतो, आणि त्याच्या भरवशावर पुढचं मूल होऊ दिलं जातं.

मग प्रत्येक जोडीला दोन नाणी दिली. एक आईचं, एक वडिलांचं. छापा म्हणजे चांगलं जनुक, काटा म्हणजे सिकलसेलचं. वीस वेळा उडवा आणि लिहा. एका जोडीला पहिल्या तीन फेकींत तिन्ही वेळा दोन काटे पडले. दुसऱ्या एका जोडीला पहिल्या बारा फेकींत एकदाही नाही. वर्गात गलका झाला, नाणं खोटं आहे असंही कोणी म्हणालं. मी म्हटलं, नाण्याला मागचं आठवत नाही. प्रत्येक खेपेला शक्यता तेवढीच, 25 टक्के.

मागच्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ वही न मिटता बसली होती. तिचे दोन भाऊ लहानपणीच गेलेले. तिने विचारलं, “मॅडम, मंग आईच्या पायगुणाचा काही संबंध नाही ना जी?” मी म्हटलं, नाही. एक नाणं आईचं होतं, एक बाबांचं, आणि दोघांनाही ते त्यांच्या आई-बापाकडून आलं होतं. तिने ते लिहून घेतलं. परीक्षेत हा प्रश्न येणार नव्हता.

‘दोष’ हा शब्द मी तेव्हापासून त्या धड्यापुरता बाजूला ठेवला आहे. वाहकाला मलेरियाचा घातक झटका येण्याचा धोका कमी असतो. म्हणून तर हे जनुक मलेरियाच्या मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. मच्छरदाणी त्यालाही लागतेच, पण त्याच्या रक्तात काही पाप नाही, एवढं यातून सांगता येतं.

मार्चमध्ये मोहफुलं पडू लागली की पहाटेच पोरं जंगलात जातात आणि दुपारी वर्गात झोपतात. त्याच दिवसांत एक वडील फाटकाशी थांबले होते. “पिवळ्या कार्डावाल्या पोरीचं लगन होते का जी?” मी म्हटलं, होतं, आणि कार्ड लपवू नका. पांढऱ्या कार्डाच्या मुलाशी झालं तर लेकरू वाहक असू शकेल, आजारी नाही. दोघंही पिवळे असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. ते म्हणाले, “मुलाकडचे कार्ड दाखवतीन का पण?”

याला माझ्याकडे चौकोन नव्हता. मुलीचं कार्ड मागणारे पुष्कळ भेटतात, मुलाचं मागणारे कमी. आता धडा संपला की मुलग्यांना मी एकच काम देते: आपल्या कार्डाचा रंग कोणता आणि त्याचा अर्थ काय, हे घरी मोठ्याने सांगून या. काही जण सांगतात, काही जण मान खाली घालून परत येतात. पुढच्या जूनअखेर नवी नववी येईल, आणि रोवणी सुरू व्हायच्या आत तिलाही हे काम द्यायचं आहे.