बुएनोस आइरेसला निघालेल्या भाचीस

पुणे

चि. सोनूस,

तिकीट काढलंस हे वाचून फार आनंद झाला. चांगल्या मिलोंगांची, म्हणजे टँगो नाचायच्या मेळाव्यांची, यादी मागितली आहेस. पण नुसत्या यादीने काम होणार नाही, कारण बुएनोस आइरेसमध्ये हॉल वेगळा आणि मिलोंगा वेगळी. पालेर्मोमधला सालोन कानिंग हा हॉल एकच, पण वारागणिक तिथे निराळे आयोजक येतात, आणि आयोजक बदलला की येणाऱ्यांचं वय, कपडे, संगीत, शिस्त सगळंच बदलतं. त्या दिवशी कुठे काय आहे ते तिथे गेल्यावर 'ओय मिलोंगा' या ॲपवर रोजच्या रोज बघत जा. मला लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. कुणाबरोबर नाचायचं हे तिथे कसं ठरतं, आणि नको असेल तर नाही कसं म्हणायचं.

आपल्याकडे टँगोवाले मूठभर, सगळे ओळखीचे. वर्गातला मुलगा समोर येऊन हात पुढे करतो आणि पाय दुखत असले तरी तू उठतेस. नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटेल, उद्या वर्गात तोंड कसं दाखवायचं, ही भीड असते. ही भीड सोबत घेऊन गेलीस तर सगळा प्रवास वाया जाईल.

पारंपरिक मिलोंगेत पुरुष टेबलापाशी येऊन विचारत नाही. एक तांदा, म्हणजे तीन-चार गाण्यांचा संच, संपते, मग कोर्तिना वाजते, म्हणजे नाचायचा नसलेला, वेगळ्याच संगीताचा छोटा तुकडा. तेवढ्यात फ्लोअर पूर्ण रिकामा होतो. पुढच्या तांदेचे पहिले सूर आले की कोणता ऑर्केस्ट्रा आहे ते कळतं आणि हॉलभर माणसं एकमेकांकडे बघू लागतात. ही मिरादा. ज्याच्याबरोबर नाचायचंय त्याच्याकडे तू सरळ बघायचंस आणि नजर हलवायची नाही. त्याच्याही मनात असेल तर तो किंचित मान हलवतो. हा काबेसेओ. तूही मान हलवलीस की ठरलं. मग तो चालत तुझ्यापर्यंत येतो. तो अगदी समोर येऊन उभा राहीपर्यंत उठू नकोस. कदाचित तुझ्या मागच्या खुर्चीवरच्या बाईला त्याने विचारलेलं असेल. नाचायचं नसेल तर नजर दुसरीकडे वळव. शेजारच्या टेबलालाही पत्ता लागत नाही, कुणाचा अपमान होत नाही, आणि तोच माणूस तासाभराने पुन्हा तुझ्याकडे बघायला मोकळा राहतो.

टँगोने बायकांना दिलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, असं माझं ठाम मत आहे. परक्या पुरुषाकडे टक लावून बघू नये हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. तिथे न बघणाऱ्या बाईला कुणी बोलावत नाही. ती फोन चाळत बसली किंवा मैत्रिणीशी बोलत राहिली, तर तिला नाचायचं नाही असंच सगळे धरून चालतात. म्हणून फोन पर्समध्ये ठेव आणि मान वर ठेव. जो थेट टेबलाशी येऊन विचारतो, त्याला हसून नको म्हण. ज्याच्या नजरेला हॉलमधली एकही बाई नजर देत नाही, बहुतेक वेळा तोच असा टेबलापर्यंत येतो. नव्या तरुण मिलोंगांमध्ये तोंडी विचारणंही चालतं, तिथे तारतम्याने वाग. पण निवडीचा हक्क तुझाच, हे दोन्हीकडे लक्षात असू दे.

या सगळ्यात खुर्चीला फार महत्त्व आहे. जुन्या धर्तीच्या मिलोंगांमध्ये बायका एका बाजूला, पुरुष समोर, आणि जोडपी वेगळी बसतात. जागा आयोजक देतो, आपण जाऊन बसायचं नसतं. लवकर जा, आधी फोन किंवा संदेश करून जागा राखून ठेव, दारात आयोजकाला नमस्कार कर, एकटी आले आहे असं सांग. पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली तर नजर पोचते, खांबाआड मिळाली तर पोचत नाही. तुझा वर्गमित्र बरोबर येतोय म्हणालीस. दोघं एका टेबलावर बसलात तर तुम्हाला जोडपं समजतील आणि दुसरा कुणी तुला बोलावणार नाही. आत जातानाच वेगळे जा.

तांदा टँगोची असेल तर बहुधा चार गाण्यांची, वाल्स किंवा मिलोंगा या नाचाची असेल तर तीनची. संपूर्ण तांदा एकाच जोडीदाराबरोबर. दोन गाण्यांच्या मध्ये 'ग्रासियास' म्हणू नकोस. त्याचा अर्थ 'मला आता तुमच्याबरोबर नाचायचं नाही' असा घेतात, आणि मध्येच सोडून जाणं हा तिथे मोठा अपमान आहे. गाणं सुरू होताच कुणी नाचायला लागत नाही. थोडा वेळ उभे राहून गप्पा मारतात. कुठून आलात, किती दिवस आहात, एवढं बोलण्यापुरतं स्पॅनिश शिकून जा. तांदा संपली की तो तुला जागेपर्यंत सोडतो. त्याच माणसाबरोबर एका रात्रीत पुन्हा पुन्हा नाचलीस तर त्यातून लोक अर्थ काढतात, आणि नंतर बाहेर कॉफीला बोलावणं बऱ्याचदा नुसत्या कॉफीचं नसतं. तुला जायचं असेल तर जा, पण समजून जा.

एक अपवाद लिहून ठेवते. कुणाचा हात नको तिथे गेला, कुणी दाबून धरलं, पाठीला दुखापत होईल असं ओढलं, तर तांदेचे सगळे संकेत बाजूला ठेव. 'ग्रासियास' म्हण आणि चालू लाग. गाणं अर्ध्यावर असलं तरी. तिथल्या बायकाही हेच करतात, आणि सगळा हॉल समजून घेतो. फ्लोअरवर उभं राहून तुला धडे देणाऱ्यालाही हेच उत्तर. मिलोंगेत शिकवणं हा तिथे असभ्यपणा मानतात. शिकवणी वर्गात किंवा प्राक्टिकात, म्हणजे सरावाच्या बैठकीत.

तुझ्या मित्राला सांग की रोंदा, म्हणजे नाचणाऱ्या जोड्यांची रांग, घड्याळाच्या उलट दिशेने फिरते आणि तिच्यात शिरताना मागून येणाऱ्या लीडरच्या नजरेला नजर देऊन परवानगी घ्यायची असते. पुढच्याला ओलांडायचं नाही, मागे पाऊल टाकायचं नाही. पुण्यात ऐसपैस जागेत शिकलेले गांचो आणि उंच बोलेओ, म्हणजे पाय अडकवायचे आणि उडवायचे प्रकार, तिथल्या गर्दीत काढले तर कुणाच्या तरी नडगीवर टाच बसेल. दोन-तीन जादा शर्टही घे म्हणावं. घामाने भिजलेल्या माणसाला कुणी मिठीत घेत नाही. आणि तू लीडही करतेस, म्हणून सांगते: जुन्या मिलोंगांमध्ये ते फारसं रुचत नाही, पण शहरात क्वीअर टँगोच्या मिलोंगा आहेत, तिथे कुणीही कुणाबरोबर आणि कुठल्याही भूमिकेत नाचतं. तिथे जरूर जा.

पहिल्या रात्री नाचू नकोस. शनिवार धरून विशा उर्किसा भागातल्या सुंदरलांद क्लबला जा. बास्केटबॉलच्या कोर्टावर टेबलं मांडलेली असतात, उजेड लख्ख, झुंबरं नाहीत की लाल पडदे नाहीत. त्या वस्तीतली कुटुंबं तिथे जेवायला येतात, आजोबा-आजी उठून नाचतात आणि परत येऊन जेवण पूर्ण करतात. पर्यटकांसाठीच्या शोमध्ये दिसतो तो टँगो यांचा नव्हे. सत्तरी ओलांडलेला माणूस एका फरशीएवढ्या जागेत चालतो, थांबतो, वळतो, आणि त्याच्या मिठीतली बाई डोळे मिटून असते. त्याची पावलं मोजत बसू नकोस. गाण्यात तो कुठे थांबतो तेवढं बघ, तेवढ्याने तुझा पुढचा सगळा मुक्काम सुधारेल. मग पुढच्या दिवशी बारांकास दे बेल्ग्रानो बागेतल्या ला ग्लोरिएताच्या उघड्या मंडपात नाच. तिथे वातावरण मोकळं असतं, चूक झाली तरी कुणी तुझ्याकडे बघत बसत नाही. रिओबाम्बा रस्त्यावरचं एल बेसो छोटं आणि दाटीचं, तिथे थोडा सराव झाल्यावर. आर्मेनियन केंद्राच्या तळघरातलं ला विरुता पहाटेचं ठिकाण. चांगले नाचणारे रात्री फार उशिरा येतात.

जाईपर्यंत संगीत ऐक, रोज. कोणत्या ऑर्केस्ट्रावर कुणाबरोबर नाचायचं हे तिथले लोक ठरवून ठेवतात. दारिएन्सोच्या गाण्यासाठी एक जोडीदार, पुग्लिएसेसाठी दुसरा. तुला पहिल्या चार मात्रांत ओळख पटली नाही तर नजर कुणाकडे वळवायची तेच कळणार नाही. हुआन दारिएन्सोपासून सुरुवात कर. १९३५च्या अखेरीस रोदोल्फो बियाजी त्याच्या ऑर्केस्ट्रात पियानोवर आला, ताल धारदार झाला आणि तरुण मंडळी पुन्हा नाचायला लागली. तिथून पुढची वीसेक वर्षं टँगोचा सुवर्णकाळ मानतात. मग कार्लोस दि सार्ली, चालायला शिकवणारा. मग त्रोइलो. ओस्वाल्दो पुग्लिएसे सगळ्यात शेवटी, कारण त्याची लय ताणते, सोडते, आणि कच्च्या पायांना फसवते. पुग्लिएसे कम्युनिस्ट होता. तो तुरुंगात असायचा तेव्हा त्याचे वादक त्याच्या रिकाम्या पियानोवर लाल कार्नेशनचं फूल ठेवून वाजवायचे. हे माहीत असलं की त्याची तांदा लागल्यावर हॉल गंभीर का होतो ते कळतं. 'ला कुम्पार्सिता' वाजली की रात्र संपली. ते गाणं मोंतेविदेओच्या हेरार्दो मातोस रोद्रिगेसचं, म्हणजे उरुग्वेचं. टँगो दोन्ही देशांचा आहे, २००९ साली युनेस्कोच्या यादीत तो दोघांच्या नावाने गेला. तिथे वाद घालू नकोस.

वर्ग फार घेऊ नकोस. दिवसभर तीन-तीन वर्ग करून रात्री मिलोंगेत पेंगणारी परदेशी मंडळी तुला दिसतील. एक शिक्षक निवड, आठवड्याला एक-दोन शिकवण्या, आणि दुपारची झोप. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे, जेवण रात्री नऊनंतर, आणि रात्रीची मिलोंगा बारानंतर रंगते. झोप न घेतलेल्या शरीराला मिठी झेपत नाही. जोडे अरेनालेस रस्त्यावरच्या कोम इल फोमध्ये घे. माप सांगितलं की आतून खोकी आणून दाखवतात, घाई करू नकोस. नाचाचे जोडे रस्त्यावर घालायचे नाहीत.

आता खाण्याचं, कारण तुझी आई मला हेच विचारते. तू मांस खात नाहीस आणि तो देश गोमांसाचा. एम्पानादा, म्हणजे तिथली करंजी, कॉर्नची किंवा पालक-चीजची मिळते, पण पारीत बऱ्याचदा गाईची चरबी असते. मेदियालुना, तो चंद्रकोरीसारखा पाव, दोन प्रकारचा असतो: 'दे मांतेका' लोण्याचा, 'दे ग्रासा' चरबीचा. 'ग्रासा' हा शब्द पाठ कर आणि प्रत्येक ठिकाणी विचार. पिझ्झा मात्र उत्तम. कोरिएन्तेस रस्त्यावरचं गुएर्रिन १९३२पासून चालू आहे. तिथे पिझ्झ्याच्या तुकड्यावर फाइना ठेवून खातात. हरभऱ्याच्या पिठाची असते, आपल्या बेसनाच्या पोळ्याची सख्खी बहीण. तुला घरचं वाटेल.

डॉलरच्या नोटा नव्या, न दुमडलेल्या, शंभराच्या ने. विनिमयाचे नियम तिथे वारंवार बदलतात, म्हणून जायच्या आठवड्यात चौकशी कर. फ्लोरिदा रस्त्यावर 'काम्बियो, काम्बियो' ओरडणाऱ्यांकडे पैसे बदलू नकोस. बस आणि मेट्रोला सुबे कार्ड चालतं. पहाटे मिलोंगेतून निघताना ॲपवरून गाडी मागव आणि ती येईपर्यंत दाराच्या आतच थांब. रस्त्यावर फोन हातात धरून चालू नकोस.

आणि हे सगळ्यात आधी कर. अर्जेंटिना आपल्या सरकारच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहे. परत येताना विमानतळावर लशीचा पिवळा दाखला मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते, आणि नंबर लागायला वेळ जातो. या आठवड्यात नाव नोंदव आणि मला फोन कर.

तुझी
मावशी